पेपर टाकायच्या आधी

राजीनामे बहुधा सोमवारी येतात. शुक्रवारी काहीतरी बिनसलेलं असतं, शनिवार-रविवार ते मनात खदखदत राहतं, रविवारी रात्री चार ओळींचा मेल लिहिला जातो आणि सोमवारी पहिल्या चहाच्या आत तो साहेबांकडे पोचतो. पिंपरी-चाकण पट्ट्यात कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अशा मेलचं पुढे काय होतं, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहत आलो. नोकरी सोडू नका असं सांगायला मी बसलेलो नाही, आणि सोडून टाका असंही म्हणत नाही. आपण नेमकं काय सोडतो आहोत आणि कोणत्या तारखेला सोडतो आहोत, एवढ्या दोन गोष्टी कागदावर लिहून काढा आणि मग तो मेल पाठवा, इतकीच विनंती आहे.

पहिली गोष्ट सोपी वाटते, पण ती तशी नाही. ‘या नोकरीला वैतागलोय’ असं म्हणणाऱ्याला समोर बसवून दहा मिनिटं बोलतं केलं की तो बहुतेक वेळा नोकरीबद्दल बोलतच नाही. तो एका माणसाबद्दल बोलतो. सगळ्यांसमोर टाकून बोलणारा साहेब असतो, केलेल्या कामाचं श्रेय परस्पर लाटणारा टीम लीडर असतो. नाहीतर मग हडपसरहून हिंजवडी गाठताना जाता-येता अंगावर येणारी ट्रॅफिक असते. रात्रपाळीने बिघडलेली झोप असते. साहेबावर बदली हा उपाय आहे, प्रवासावर घर बदलणं किंवा शिफ्ट बदलून घेणं हा उपाय आहे. ते करून पाहिलं आहे का, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, ‘काही उपयोग नाही हो.’ म्हणजे विचारलेलंच नसतं. खासगी कंपन्यांत साहेब तरी कुठे कायमचे असतात? दोन-तीन वर्षांत तेही खुर्ची बदलतात. ज्याच्यापायी तुम्ही सोडलंत तो तुमच्यामागून सहा महिन्यांत गेला, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

पण कामच नकोसं झालं असेल तर गोष्ट वेगळी. सकाळी मशिनसमोर किंवा एक्सेलच्या शीटसमोर बसलं की पोटात गोळा येतो, साहेब चांगला, पगार चांगला, तरी येतो, अशा माणसाला बदलीने काही होणार नाही. हे ओळखायचं कसं? महिना-दीड महिना रोज संध्याकाळी डायरीत एकच ओळ लिहा: आजचा दिवस कशाने खराब गेला. एकच नाव सारखं येत असेल तर प्रश्न त्या माणसाचा आहे. वाट सारखी येत असेल तर वाटेचा. आणि काम, काम, काम असंच येत असेल, तर तुमचा जाण्याचा विचार खरा आहे, पुढच्या हिशेबाला लागा.

काही बाबतींत मात्र डायरी लिहीत बसू नका. खोट्या कागदावर सही करायला सांगत असतील, ग्राहकाच्या गळ्यात नको ती पॉलिसी मारायला लावत असतील, मशिनचं गार्ड काढून काम करायला लावत असतील, तर पहिल्याच वेळी लेखी नकार द्या आणि बाहेरची वाट शोधायला लागा. नंतर चौकशी होते तेव्हा सही तुमची असते. लैंगिक छळाच्या बाबतीत उलट सल्ला देतो, कारण बहुतेक मुली गपचूप राजीनामा देऊन मोकळ्या होतात. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्या माणसाची बदली मागता येते, तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. हे करून मग नोकरी सोडायची तर सोडा. जायचं त्याने, आणि जाता तुम्ही, असं होऊ देऊ नका.

आता तारीख. इथे माणसं सगळ्यात जास्त पैसे घालवतात, आणि निव्वळ घाईने घालवतात. ग्रॅच्युइटी घ्या. १९७२ च्या कायद्यापासून ढोबळ नियम असा की सलग पाच वर्षं भरली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. महिन्याचे दिवस सव्वीस धरतात आणि मूळ पगार अधिक महागाई भत्ता मोजतात. म्हणजे ही रक्कम तीस हजार असेल तर पाच वर्षांचे साधारण साडेशहाऐंशी हजार रुपये होतात. साडेचार वर्षांनी चिडून निघालेला माणूस हे पैसे टेबलावर ठेवून जातो. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसांना एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. त्यामुळे तुमच्या नेमणूकपत्रावर काय लिहिलंय ते आधी काढून वाचा. कित्येकांनी ते रुजू झाल्याच्या दिवसानंतर उघडलेलंच नसतं.

पीएफचंही तसंच आहे. पाच वर्षांच्या आत रक्कम काढली तर तिच्यावर कर लागू शकतो. नव्या कंपनीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, देऊन खातं पुढे नेलं तर आधीची वर्षं धरली जातात. त्यातला पेन्शनचा भाग तर लोक विसरूनच जातात. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, आणि दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन मिळते. रक्कम लहान असते, मान्य आहे. पण दोन नोकऱ्यांमधल्या मोकळ्या महिन्यांत फ्रीज किंवा बाइक घेण्यासाठी ती काढून टाकणारे, पंचावन्नाव्या वर्षी ‘माझी सर्व्हिस का दिसत नाही’ म्हणून चकरा मारताना मी पाहिले आहेत. शिवाय पीएफ काढण्याचे नियमही आता बदलायला घेतले आहेत. नोकरी सुटली की दोन महिन्यांत सगळी रक्कम हातात, हा जुना हिशेब धरून उडी मारू नका.

मेडिक्लेम. कंपनीचा गट विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो, आणि त्यातच आई-वडिलांनाही घेतलेलं असतं. बाहेर नवीन पॉलिसी घ्यायला गेलात तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वडिलांना मधुमेह आणि आईला बीपी असलेल्या माणसाने म्हणूनच आधी स्वतंत्र पॉलिसी काढावी, ती काही काळ चालू द्यावी आणि मग राजीनाम्याचं बघावं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हेही मुदत संपायच्या आत विचारावं. पगारस्लिप असेपर्यंत बँक तुम्हाला ओळखते हेही ध्यानात ठेवा. धंदा सुरू केल्यावर तीच बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते. पण म्हणून जाता जाता मोठं कर्ज उचलून ठेवा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ईएमआय पगाराची चौकशी करत नाही.

घरखर्चाचा हिशेब बहुतेक जण चुकीचा करतात. समजा, नवरा-बायको दोघं कमावतात, घराचा खर्च हप्त्यासह पंचावन्न हजार आहे आणि एकाने सोडली तर दुसऱ्याचे चाळीस हजार येतात. तुटवडा पंधरा हजारांचा. बाजूला तीन लाख आहेत, म्हणजे वीस महिने निघतील, असं वाटतं. पण जूनमध्ये मुलाची साठ हजार फी आहे आणि विम्याचा तीस हजारांचा हप्ता आता स्वतःला भरायचा आहे. हे वर्षाचे नव्वद हजार म्हणजे महिन्याला साडेसात हजार झाले. तुटवडा साडेबावीस हजारांवर गेला आणि वीसचे तेरा महिने उरले. त्यात गणपती-दिवाळी, गावाकडचं एखादं लग्न आणि घरातल्या कुणाचं आजारपण धरलं की वर्षावर भरवसा ठेवू नये. आणि हा हिशेब एकट्याने करू नका. घरात शेवटी सांगायचं असं ठरवून राजीनामा दिलेल्यांच्या घरी पुढची भांडणं पैशांवरून होत नाहीत, ‘मला का नाही सांगितलंस’ यावरून होतात.

इथे बायकांच्या नोकरीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे हिशेबच मांडला जात नाही. मूल झालं, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, मुलगी दहावीला गेली, की घरात एक वाक्य कुणीतरी सहज बोलून जातं: ‘तू बघ ना काही दिवस घरी.’ तिचा पगार कमी आहे, पाळणाघराला आणि रिक्षालाच निम्मा जातो, मग काय अर्थ आहे, असा युक्तिवाद असतो. पाळणाघराचा खर्च तिच्याच पगारातून का वजा करायचा, हे मला कधीच कळलेलं नाही. मूल दोघांचं आहे ना? दुसरं म्हणजे ‘काही दिवस’ म्हणून सोडलेली नोकरी चार-पाच वर्षांनी परत मिळते तेव्हा ती त्याच पायरीवर क्वचित मिळते. मधल्या वर्षांचा पीएफ गेला, इन्क्रिमेंट गेली, ओळखी गेल्या. म्हणून सोडण्याआधी बाकीच्या वाटा विचारून पाहा. पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे भरपगारी रजा २०१७ पासून कायद्याने आहे. पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा बाळाला पाहायला जाऊ द्यायला हवं. किती ठिकाणी ते खरोखर होतं हा प्रश्न आहेच, पण लेखी मागितल्याशिवाय तर नक्कीच होत नाही. बिनपगारी रजा मागा, अर्धा वेळ काम मागा, घरून काम मागा. एकदा नवऱ्यानेही त्याच्या ऑफिसात हेच मागून पाहावं. त्याला मिळालं तर? इतकं सगळं करून शेवटी तिला स्वतःला घरी राहावंसं वाटत असेल, तर खुशाल राहावं, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो निर्णय तिचा असावा, आणि तिच्या नावावर दरमहा काही रक्कम टाकायचं घराने त्याच दिवशी ठरवावं.

सरकारी नोकरांना वेगळी ताकीद द्यायला हवी. जुन्या पेन्शन नियमांखाली असलेल्यांना वीस वर्षांची सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन मिळतं. पण त्याच माणसाने रागाच्या भरात साधा राजीनामा लिहून दिला आणि तो मंजूर झाला, तर मागची सेवा बुडते. कागद एकच, वर लिहिलेला विषय वेगळा, आणि आयुष्यभराचं पेन्शन त्यावर अवलंबून. रीतसर परवानगी घेऊन एका सरकारी जागेवरून दुसऱ्या सरकारी जागेवर जाण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याला हे लागू होत नाही, पण ती परवानगी आधी आणि लेखी हवी. राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांचे नियम निराळे आहेत, त्यांनी आपल्या आस्थापना शाखेत बसून विचारून घ्यावं. तिथला कारकून किरकिर करील, करू दे.

तरुणांकडून दोन कारणं मी फार ऐकतो. एक, एमपीएससी-यूपीएससीचा पूर्णवेळ अभ्यास. नोकरी सोडून पुण्यात पेठेत खोली घ्यायची, अभ्यासिका लावायची. २०२३ च्या यूपीएससी नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांवर अर्ज आले, सहा लाखांच्या आसपास उमेदवार प्रत्यक्ष बसले, आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. यात हुशारी कमी पडली म्हणून राहिलेले थोडे, जागाच नव्हत्या म्हणून राहिलेले जास्त. म्हणून नोकरीत असतानाच एकदा पूर्वपरीक्षा द्या. कटऑफच्या आसपास आलात तर दोन प्रयत्नांपुरती सुट्टी किंवा राजीनामा यांचा विचार करा, आणि परतीची तारीख घरी सांगून ठेवा. ‘होईपर्यंत’ ही तारीख नाही. राज्य सेवेत खुल्या गटाची वयोमर्यादा अडतीस आहे, मागासवर्गीयांची त्रेचाळीस. एवढी वर्षं हातात आहेत ही सवलत वाटते, पण पेठेतल्या खोल्यांतून तिशी ओलांडलेली, अनुभवाचा एकही दाखला नसलेली मुलं पाहिली की ती सवलत कुणाच्या उपयोगाची, असा प्रश्न पडतो.

दुसरं कारण शेअर बाजार. सहा महिने मोबाइलवर ऑप्शन्स करून थोडे पैसे सुटले की नोकरी ओझं वाटायला लागते. सेबीने २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब जाहीर केला: फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. याहून जास्त मी काही बोलत नाही.

आवडीसाठी नोकरी सोडणाऱ्यांना आपल्याकडे हमखास डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण देतात. १९६९ साली त्यांनी डॉक्टरी सोडून पूर्णवेळ रंगभूमी धरली, हे खरं आहे. पण तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, कान-नाक-घशाचे शल्यविशारद म्हणून पुण्यात आणि टांझानियात काम केलेले होते, आणि पुण्याची पीडीए आणि मुंबईची रंगायन या नाट्यसंस्थांत त्यांची वर्षानुवर्षं नाटकं झालेली होती. ‘नटसम्राट’ त्यानंतर आलं. उलट बाजूला वसंतराव देशपांडे पाहा. त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली आणि ती सांभाळून गाणं चालू ठेवलं. त्यांचं गाणं त्या नोकरीने अडलं असं म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. हे दोघंही असामान्य होते, त्यांच्यावरून आपला निर्णय ठरत नाही. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. हौस ज्या दिवशी पोटाचं साधन होणार होती, त्याच्या कितीतरी आधीपासून ती रोज संध्याकाळी चालू होती. तुमची केक करण्याची, फोटो काढण्याची, गावी पॉलीहाउस टाकण्याची हौस आज रविवारीसुद्धा होत नसेल, तर नोकरी सोडल्याने ती सोमवारी सुरू होईल कशावरून?

इतकं वाचून कुणाला वाटेल की हा गृहस्थ शेवटी चिकटून राहा असंच सांगतोय. तसं नाही. चिकटून राहण्यातही तोटा होतो, तो फक्त पगारस्लिपवर दिसत नाही. गेल्या दोन वर्षांत इथे नवीन काय शिकलो, आणि उद्या हे खातं बंद झालं तर मला बाहेर कोण घेईल, या दोन प्रश्नांची उत्तरं ‘काही नाही’ आणि ‘कोणी नाही’ अशी येत असतील, तर हालचाल आताच करा, हातात पगार असताना. बायोडेटा नीट करा, मुलाखती द्या, आपला बाजारभाव कळू द्या. दुसरी ऑफर लेखी आल्याशिवाय मात्र पहिल्या ठिकाणी काही बोलू नका, आणि ती दाखवून पगार वाढवून घेण्याचा खेळ एकदाच खेळता येतो हे लक्षात ठेवा. पंचेचाळिशीनंतर तर मी म्हणेन, आधी पाय ठेवायला जागा बघा, मगच मागचा पाय उचला. त्या वयात मधला मोकळा काळ लांबत जातो.

एका प्रसंगात मात्र राजीनामा अजिबात लिहू नका: कुणी तुमच्याकडून तो मागत असेल तेव्हा. हल्ली आयटीत हे फार वाढलंय. एचआर खोलीत बोलावतात, दार लावतात, ‘स्वतःहून दिलात तर चांगलं रिलीव्हिंग लेटर मिळेल, नाहीतर काढून टाकलं अशी नोंद होईल’ असं सांगतात आणि लॅपटॉप पुढे सरकवतात. तिथल्या तिथे काही टाइप करू नका. ‘घरी बोलून लेखी कळवतो’ एवढंच म्हणा आणि उठा. कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला कपातीत दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची भरपाई कायद्याने मिळते. स्वतःहून सोडणाऱ्याला ती मिळत नाही. घाई त्यांना असते ती यासाठी. तुम्ही त्या व्याख्येत बसता का, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा वकिलाला विचारा. निघायचंच ठरलं तरी काही महिन्यांचा पगार आणि मेडिक्लेमची मुदत मागून निघता येतं. सही झाल्यावर मागता येत नाही.

आणि सगळं तोलून जायचं ठरलं, तर नीट जा. पत्र तीन ओळींचं ठेवा. कारणं, तक्रारी, साहेबाचे गुण, काही लिहू नका. नोटीस पिरियड कराराप्रमाणे भरा किंवा पैसे भरून सोडवून घ्या, आणि किती रजा शिल्लक आहे ती आधी मोजा. राजीनामा स्वीकारल्याचा मेल कंपनीच्या खात्यावरून स्वतःच्या खात्यावर घ्या, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा मेल बंद होतो. पगारस्लिपा, फॉर्म १६, अनुभवाचा दाखला, फुल अँड फायनलचा हिशेब हे सगळं हातात घेऊनच गेटपास जमा करा. दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर जाऊन सोडल्याची तारीख भरली गेली आहे का ते पाहा. कंपनीने भरली नसेल तर ती आता तुम्हाला स्वतःलाही भरता येते, फक्त तारीख राजीनामा-मंजुरीच्या पत्राशी जुळते आहे याची खात्री करून मगच बटण दाबा.